आंबेटोल्याचा पट

१५ एप्रिल १९७९, रविवार

जेवून उठत होतो तेवढ्यात रुपराव गिरडकरची बायको जयवंता आली. तिने पत्र्याची एक पेटी दारातच ठेवली आणि आत यायला नको म्हणाली. माझ्या पत्नीने, अरुंधतीने, तिला पाणी आणून दिलं. तिने पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"त्यायनं सांगून ठेवलं होतं का हे पेटी साहेबाले द्याची," ती म्हणाली. "मले दोन महिने येनंच झालं नाई."

आत काय आहे, मी विचारलं.

"खेळ हाय म्हने. तुमचा."

रुपराव आमच्या पाटबंधारे कार्यालयात नकाशे काढायचा. हात फार सुरेख होता. आमच्या रविवारच्या खेळाचे पटही तोच करून द्यायचा: टेकड्या, नदी, किल्ल्याचा बुरूज, सगळं. डॉ. विश्वनाथ हरकरे, भूगोलाचे प्राध्यापक मधुसूदन पात्रीकर आणि मी, असे आम्ही तिघे अकरा वर्षं धंतोलीत डॉक्टरांच्या माडीवर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळतो. रुपराव पट आणून द्यायचा, थोडा वेळ उभा राहून पाहायचा आणि जायचा. फेब्रुवारीत काविळीने गेला. ज्या दवाखान्यात होता तो डॉक्टरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. भेटायला जाणं जमलं नाही. आजाऱ्याला माणसांचा त्रासच होतो.

१६ एप्रिल, सोमवार

पेटी उघडली. सैनिक नाहीतच. बोटाच्या पेराएवढी मातीची माणसं, उन्हात वाळवून रंगवलेली. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन, एक म्हातारा उकिडवा बसलेला, एकाच्या काखेत शेळीचं पिल्लू. मोजली, एकेचाळीस. खाली चार तुकड्यांचा पट: तलाव, बांध, उताराला अठरा घरं, वर टेकडीवर शाळा. सोबत आलेखाच्या कागदांची शिवलेली वही. पहिल्या पानावर त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात ‘आंबेटोला’.

पेटी बंद करून पलंगाखाली सरकवली.

इथे लिहून ठेवायला हरकत नाही. आंबेटोला म्हणजे भिवापूरच्या पलीकडचा आमच्या खात्याचा लहान तलाव. १९७७च्या सप्टेंबरात बांध फुटला आणि खालच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, सात माणसं गेली. त्या दिवशी रविवार होता. बांधातून पाणी झिरपतं आहे हे सांगायला तिकडे मोजणीला गेलेला रुपराव बसने नागपूरला आला, तेव्हा सहा वाजले होते. साडेसातला बांध फुटला. दीड तासात इथून काय होणार होतं? लोक साहेबाच्या हुकुमाशिवाय घरं सोडायला तयार नव्हते, असं तो म्हणाला. चौकशीत त्याने वेळ वेगळी सांगितली. समितीने माझी मानली. उशिरा कळवलं म्हणून त्याला निलंबित केलं. त्या दिवसांत माझं घड्याळ थोडं मागे पडत असे, पण फार नाही.

२२ एप्रिल, रविवार

अखेर पेटी धंतोलीला नेली. वहीचं पहिलं पान काढून घरी ठेवलं.

न्यायचं कारण असं की वर्षभर आमच्या टेबलावर मरगळ आहे. पानिपत इतक्यांदा झालं की कोणता घोडा कुठे पडणार हे पात्रीकर डोळे मिटून सांगतात. त्यांनी हत्ती आणले. डॉक्टरांनी दोन्हीकडे दहा-दहाच माणसं ठेवून पाहिली. मी फाशांशिवायचा वेढा काढला. सगळं चार रविवार चाललं आणि विटलं. शेवटी तेच सैनिक, नव्या टोप्या.

रुपरावच्या खेळात शत्रूच्या बाजूला कोणी बसत नाही. तिथे पाणी आहे, आणि ते फाशांवर चालतं. खेळणाऱ्याला वहीत ‘साहेब’ म्हटलं आहे. सुरुवातीला एक फासा वाटीखाली झाकायचा, कोणी पाहायचा नाही. त्यावर एक असेल तर बांध फुटणार, नाहीतर नाही. दर फेरीला साहेबांनी ‘निघा’ किंवा ‘थांबा’ एवढंच म्हणायचं. निघा म्हटलं आणि पाणी आलंच नाही, तर हुकूम वाया. तीन हुकूम वाया गेले की लोक ऐकेनासे होतात आणि साहेब हरले. थांबा म्हटलं तर पाणी पुढे सरकतं. मग प्रत्येक माणसासाठी फासा टाकायचा, सहा पडला की तो माणूस जागीच राहतो.

"हे वेगळं आहे," पात्रीकर म्हणाले. "यात मारायचं कोणालाच नाही."

पहिला डाव मी घेतला. मुरलेल्या सेनापतीप्रमाणे आधी वाट पाहिली. शत्रू कुठून येतो हे कळल्याशिवाय कोणी राखीव फौज हलवत नाही. तीन फेऱ्या थांबलो. वाटी उचलली तर एक. सात माणसं राहिली.

पात्रीकरांनी लगेच हिशेब मांडला. एकेचाळीसला सहाने भागलं की जवळपास सातच येतात, यात काही विशेष नाही. मला बरं वाटलं.

 डॉक्टर खाली वाकून शाळा पाहत होते.

२९ एप्रिल, रविवार

आज डॉक्टर खेळले. पहिल्याच फेरीला "निघा" म्हणाले. वाटीखाली चार निघाला.

"गेला वाया हुकूम," मी म्हणालो.

"जाऊ द्या. बरं झालं," ते म्हणाले.

पात्रीकरांचाही हुकूम एकदा वाया गेला, दुसऱ्यांदा पाणी आलं पण सगळे टेकडीवर होते. मग माझी पाळी. वाटीखाली एक. सात.

डॉक्टरांनी राहिलेल्या सातांकडे बराच वेळ पाहिलं. "मागच्या वेळी हीच होती," ते म्हणाले.

मी म्हणालो, मातीची माणसं सारखीच दिसतात. त्यांनी पुढच्या रविवारी सैनिक काढू या म्हटलं. नवं हवं म्हणून हेच सगळ्यांत जास्त कुरकुरत होते.

४ मे, शुक्रवार

रजा घेतली. पेटी घरीच आहे. बाहेर पंचेचाळीस आहे असं रेडिओवर सांगितलं. समोरच्या खोलीत पडदे ओढून तीन डाव एकट्याने खेळलो. तिन्ही वेळा वाटीखाली एक. तिन्ही वेळा सात.

डॉक्टर खरं बोलत होते. सातच्या सात तीच आहेत. भारेवाली बाई, उकिडवा म्हातारा, शेळीवाला, दोन बायका एकमेकींना धरून, एक काठी टेकणारा आणि एक लहान मुलगी, जिची वेणी रुपरावने काळ्या दोऱ्याची केली आहे. मी त्यांच्या पायाखाली पेन्सिलने खुणा केल्या.

६ मे, रविवार

सैनिकांच्या खेळाला गेलो नाही, डोकं दुखतं कळवलं.

त्या सातांना तलावापासून सर्वांत लांबच्या घरात ठेवलं, शाळेच्या अगदी खाली. पाण्याने पहिल्या फेरीतच वाट बदलली. फासा पाच, पाच, सहा असा पडत गेला आणि पाणी नाल्याने वळून त्याच घराशी आलं. मग एकेका माणसासाठी फासा टाकला. बाकीच्यांना एक, तीन, दोन, चार. या सातांना सहा. सातही वेळा. असं पडण्याची शक्यता पाठकोऱ्या कागदावर काढली. अडीच लाखांहून अधिक डावांत एखादा.

आणखी एक लिहायला हवं. बसण्यापूर्वी ठरवलं होतं की आज पहिल्या फेरीला ‘निघा’ म्हणायचं. फासा हातात घेतला आणि मनात आलं, एक फेरी बघू. दुसऱ्या डावातही तसंच. तिसऱ्यातही.

९ मे, बुधवार

कार्यालयातून आलो तर पटावर ओल. टेबलाखालच्या सतरंजीवर पाण्याचा हातभर डाग. सातही माणसं गुडघ्यापर्यंत मऊ झाली आहेत. त्या मुलीला उचललं तर तिच्या पायाची माती माझ्या बोटाला लागली. बाकीची चौतीस ठणठणीत कोरडी.

अरुंधतीला म्हणालो, कूलर गळतो आहे.

"कूलरची मोटर जळून आठ दिवस झाले," ती म्हणाली. "टाकीत थेंब नाही." मग थोड्या वेळाने विचारलं, "रविवारी दुपारी तुम्ही कोणाशी बोलून राहिले होते?"

"कोणाशीच नाही."

"थांब, थांब म्हणत होते. चार-पाचदा. मी बाहेर येऊन पाहिलं, फाटकाजवळ कोणी नव्हतं."

१३ मे, रविवार

डॉक्टरांकडे गेलो. पात्रीकर पुण्याला गेलेत, आम्ही दोघेच. सैनिक मांडले पण डॉक्टरांनी फासा टाकला नाही.

"मार्तंडराव," ते म्हणाले, "बांध फुटला त्या रविवारी आपण सीताबर्डीची लढाई खेळत होतो. आठवतं?"

मी हो म्हटलं.

"चहा पाचला आला. मी खिडकीशी होतो. गिरडकर खाली पेरूच्या झाडाखाली उभा होता. त्यालाही कप पाठवला मी."

"दुसरा कोणी असेल. तुमच्याकडे पेशंट येतातच."

"येतात," ते म्हणाले. "चौकशीत मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही."

मग त्यांनी सैनिक एकेक करून खोक्यात ठेवले. पुढच्या रविवारचं काही बोलले नाहीत. उन्हामुळे त्यांचीही तब्येत बरी नसावी.

१५ मे, मंगळवार

वहीच्या शेवटच्या पानाकडे आज लक्ष गेलं. त्यावर नियम नाही. रकाने आखले आहेत, आपल्या कार्यालयातल्या नमुन्यासारखे. ‘साहेबांस कळल्याची वेळ’, आणि पुढे जागा रिकामी. मी पेन्सिलने ६.०० लिहिलं आणि एक डाव खेळलो.

वाटीखाली एक. सात.

२० मे, रविवार

न राहवून जयवंताकडे गेलो. ती आता उमरेड रोडला भावाच्या घरी दोन खोल्यांत राहते. सातही माणसं रुमालात बांधून नेली होती. काही न सांगता ओसरीवर मांडली आणि विचारलं, ही कोण आहेत.

तिने एकेकाला बोट लावलं. "हे प्रेमिला, भारा घेऊन. हा तिचा सासरा. हा शेळीवाला नथ्थू. ह्या दोघी जावा-जावा. हे काठीवाले बाबा. आन् हे मनकर्णाची पोरगी, सुमी." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी ह्यायलेच काहून आनले? गेले ते हेच सात होत."

मी म्हटलं, सहज उचलली.

"त्यायले सस्पेंड केलं ना, तवापासून ते दर आठवड्याले टोल्यावर जाये," ती सांगत होती. "बसून विचारे, नाक कसं होतं, लुगडं कसं नेसे. रातंदिस माती मळे. मी म्हनो, काहून करता? म्हने, साहेबाले खेळाची आवड हाय. साहेब कागद वाचत नाई, पन खेळतीन."

निघताना तिने सुमीच्या मऊ झालेल्या पायांना हात लावला. "हे ओली काहून हाय?" असं तिने विचारलं. मी माणसं रुमालात बांधून घेतली. उन्हात बसस्टॉपपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की रुमाल पिळून काढावा इतका भिजला होता.

१० जून, रविवार

आंबेटोल्याचा नवा बांध पुरा झाला. मी परवा पाहणी केली, दगडी अस्तर चांगलं बसलं आहे. यंदा पाणी साठवायला हरकत नाही, अशा दाखल्यावर सही केली. टोल्यातली चौतीस माणसं पुन्हा तिथेच राहायला आली आहेत. दुसरीकडे कुठे जाणार?

पेटी उघडलेली नाही. पलंगाखालची फरशी रोज सकाळी अरुंधती पुसते. ती विचारत नाही.

२४ जून, रविवार

हातात ताकद आहे तोवर लिहून काढतो.

आठवडाभर पाऊस आहे. दुपारी एक वाजता शेजारच्यांच्या फोनवर बोलावणं आलं. आंबेटोल्याचा चौकीदार बाबाराव भिवापुरातून बोलत होता. "साहेब, बांधाच्या पायथ्याशी ओल दिसून राह्यली. थोडीच हाय. पन दिसून राह्यली. काय करू?"

नवीन मातीला ओल येतेच. दहापैकी नऊ वेळा काही होत नाही. मी हे त्याला सांगणार होतो. तोंडात शब्द आलाच होता: थांब. रिसीव्हर कानाला लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेजाऱ्यांनी खांद्याला हात लावला.

"निघा म्हणावं सगळ्यांना," मी म्हणालो. "शाळेत जा. माझा हुकूम आहे म्हणून सांग. मी येतो."

जीपचा ड्रायव्हर ताराचंद रविवारी कामाला नसतो, त्याला घरून उठवला. साडेतीनला पोचलो. लोक चिडले होते. कोंबड्या, गोधड्या, भांडी घेऊन उतारावरून शाळेकडे चढत होते. मी शाळेच्या पायरीवर छत्री धरून उभा राहिलो आणि साइटवर ट्रकच्या खेपा मोजतो तशा खिशातल्या कागदावर रेघा मारत गेलो. चार उभ्या, एक आडवी. पाऊस इतका होता की चेहरे नीट दिसत नव्हते. शेवटी शेवटी काहीजण अंतर ठेवून, सावकाश येत होते. त्यांच्याजवळ सामान नव्हतं. बाबाराव त्यांच्या पुढे चालत होता.

रेघा मोजल्या. एकेचाळीस.

आत कोतवालाने यादी वाचली. एकेकाने हो म्हटलं. चौतीस. मी पुन्हा वाचायला लावली. चौतीस. दोन खोल्या आणि एक पडवी, लपायला जागा नाही. दाराकडे पाहिलं. उंबरठ्याच्या आत फरशीवर पाणी साचलं होतं, आणि ते भिंतीकडे एका कोपऱ्यात ओघळत गेलं होतं. त्या कोपऱ्यात कोणीच बसलं नव्हतं. एवढी दाटी होती, तरी नाही.

बाबारावला बाजूला घेतलं. "तुझ्या मागून कोण येत होते?"

त्याने डोक्यावरचं पोतं काढून पिळलं. "मी मांग पाह्यलं नाई साहेब," तो म्हणाला. "तुमीबी इचारू नोका."

अंधार पडायच्या आत ओलीच्या जागी वाळूची पोती रचून घेतली. बांध फुटला नाही.

२७ जून, बुधवार

बांध ठीक आहे. कोणाच्या सांगण्यावरून वस्ती हलवली याचा खुलासा मोठ्या साहेबांनी मागवला आहे. लोकांच्या दोन बकऱ्या हरवल्या म्हणून तक्रारही आली आहे.

खुलाशासोबत दुसरा कागद लिहिला. सप्टेंबर ७७ बाबत. पाच वेळा लिहिला. शेवटी असा झाला: ‘सदर झिरप्याबाबत श्री. गिरडकर यांची सूचना मजकडे चौकशीत नमूद केलेल्या वेळेच्या पूर्वी प्राप्त झाली होती, तरी गिरडकर यांचेवरील दोषारोप मागे घेण्यात यावा.’ सही केली. टपाल बारनिशीत नोंद करून दिला. 

अरुंधतीला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं. "मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी घरी आल्या आल्या घड्याळ काढून काटे फिरवले होते."

मला हे आठवत नाही.

१ जुलै, रविवार

कागदाची नक्कल घेऊन जयवंताकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच वाचायला लागलो. पहिली ओळ संपायच्या आत तिने हात वर केला.

"मले काहून वाचून दाखोता? मले तं ठाऊकच हाय."

"रुपरावचं नाव सुटेल यात," मी म्हणालो.

"त्यायले टोल्यावर कोनी नाव ठेवलं नाई कधी. तिकडच्या लोकायले तं पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय ते सांगाले गेले होते म्हून." ती पुन्हा सुपाकडे वळली. "तुमी तिकडं जा. तिथं वाचा."

पेटीचं काय करू, विचारलं. तिने खांदे उडवले.

८ जुलै, रविवार

एकटाच एस.टी.ने गेलो. शाळेच्या पडवीत वीसेक माणसं जमली. बाबारावने बसायला बाक दिला, मी उभाच राहिलो. कागद वाचला.  एका पोराने विचारलं, याचा मतलब काय? त्याला त्याच्या बापाने गप्प केलं.

मी कागदाची घडी घालत होतो तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठून पुढे आली. पस्तिशीची असेल, हिरवं लुगडं, केस अर्धे पांढरे. बाबाराव माझ्या कानाशी म्हणाला, "मनकर्णा."

"साहेब, कागदातलं मले समजलं नाई," ती म्हणाली. "तो तुमच्यापाशी आला, तवा किती वाजले होते?"

कागदात होतं ते पुन्हा सांगायला लागलो, की नमूद वेळेच्या पूर्वी. तिने मान हलवली.

"वाजले किती होते?"

"तीन वाजून दहा मिनिटं," मी म्हणालो.

तिने बोटं उघडली. चार, पाच, सहा, सात. पाचव्या बोटाशी थांबली, ते अर्धंच दुमडलं. मग शेजारच्या बाईकडे वळून अगदी साध्या आवाजात, बाजारचा भाव सांगावा तशी म्हणाली, "तीन वाजता तं सुमी माह्यापाशीच निजली होती वं. मी तिचे केस मोकळे करून राह्यली होती."

ती जाऊन आपल्या जागी बसली. बाकीचे हळूहळू उठून घरी गेले. परतीची बस साडेचारची होती. मी बाकावर बसून राहिलो. ती अजून तिथेच होती, मीही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.